पत्रिकेत न दिसणारी माती

त्र्यंबकेश्वर तालुक्यात उन्हाळा चढू लागला की खाचरांच्या कडेला काळे चौकोन दिसू लागतात. ही राबाची जागा. शेण, तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि धिम्या आगीने भाजायचे. पाऊस लागला की त्याच जागी भाताची किंवा नागलीची रोपे टाकायची. जमिनीच्या आरोग्यावरील कुठल्याही भाषणात या राबाला पहिला फटका बसतो, कारण जिवाणू जळतात, सेंद्रिय पदार्थ जळतो. हे खरे आहे, पण अर्धेच. आच वरच्या थोड्याच थरात पोचते, तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, आम्लता थोडी उतरते आणि पहिल्या पावसानंतर खालच्या थरातले सूक्ष्मजीव पुन्हा वर पसरतात. शिवाय रोपवाटिका लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. मोठे नुकसान दुसरीकडे होते. जो पाला आणि जे शेण उरलेल्या नऊ हिश्श्यांत पडायला हवे होते, ते गोळा होऊन एका कोपऱ्यात धूर होते. मातीतल्या जिवांना आगीपेक्षा ही उपासमार जास्त भोवते.

मातीतले हे जीव टिकवायला नांगरट कमीत कमी, जमीन शक्यतो झाकलेली आणि पिकांची फेरपालट, ही संवर्धित शेतीची तीन सूत्रे. भाताच्या मुलखात तिन्ही अडतात, आणि पहिले अडते चिखलणीत. आवणीसाठी खाचर गाळले की मातीचे रवे फुटतात, बुरशीचे धागे तुटतात आणि पाणी साचून प्राणवायू संपतो. हवेवर जगणारे सूक्ष्मजीव मागे हटतात, मिथेन सोडणारे पुढे येतात. भाताला हे मानवते. पाणी धरून ठेवायला आणि तण दाबायला चिखलणी कामी येते. किंमत मोजते ती मागून येणारी हरभऱ्याची किंवा मसुरीची ओळ, कारण सुकलेल्या चिखलाची ढेकळे तिच्या मुळांना वाट देत नाहीत.

रायगड जिल्ह्यातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्रातून नेमक्या याच गाठीला हात घातला. गादीवाफे एकदाच करायचे; चिखलणी नाही, आवणी नाही, साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून थेट बी टोकायचे. कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर पुढचे पीक घ्यायचे. कुजणाऱ्या मुळांच्या नळ्यांतून हवा-पाणी आत शिरते, आणि ते मूळ हेच सूक्ष्मजीवांचे खाद्य. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर विनानांगरणीबद्दल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत, फक्त त्यांचे पीक ऊस. या पद्धतीची अडचणही लपवण्यासारखी नाही. चिखल नाही म्हणजे तण आले, आणि तणनाशकावाचून विनानांगरणी आपल्याकडे क्वचितच तगते. केंद्र सरकारने 2022 साली ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घातले, तेव्हा हा पेच आणखी उघडा पडला. माती वाचवण्यासाठी रसायन, हा सौदा मला अवघड वाटतो. पण आठ महिने उघड्या पडलेल्या उतारावरची माती वाहून जाणे त्याहून महाग.

फरक पडतो आहे हे ओळखायचे कसे? प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्मच्या वाफेने मातीतले जीव मारून त्यांच्या देहातला कर्ब मोजतात. हा कर्ब एकूण सेंद्रिय कर्बाच्या दोन-चार टक्क्यांच्या घरातच असतो, पण मशागत बदलली की तो आधी हलतो; एकूण कर्बाचा आकडा हलायला वर्षे लागतात. दुसरी कसोटी डिहायड्रोजनेज या विकराची. मातीत रंगहीन क्षार घालून ती उबेत ठेवली की जिवंत पेशी त्याला लाल करतात. मुरूम जवळजवळ फिकाच राहतो, शेणखत मिळालेली माती गडद उतरते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर 1988 पासून चाललेल्या दीर्घकालीन खत प्रयोगातही रासायनिक खताला शेणखताची जोड मिळाली, तिथे जैविक निर्देशांक केवळ रासायनिक खतापेक्षा वर राहिले. गांडुळांबाबत 2017 साली जगभरातल्या दोनशेवर शेतप्रयोगांची एकत्र पडताळणी झाली. नांगरट बंद केलेल्या शेतांत त्यांची संख्या सरासरी दुपटीहून जास्त भरली.

त्र्यंबकच्या तांबूस उतारांवर एका निर्देशांकाला खास महत्त्व आहे. या मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. खताची गोणी ओतली तरी नागलीच्या मुळाला त्यातले थोडेच मिळते. तो निर्देशांक म्हणजे मायकोरायझा: ही बुरशी मुळाच्या पलीकडे धागे पसरून तो स्फुरद पोचवते. दरवर्षीच्या नांगरटीने हे जाळे तुटते, आणि शेत यजमान पिकाविना राहिले की तिला आसरा उरत नाही. म्हणून नागली-वरईच्या ओळींत उडीद, कडेला खुरासणी आणि उताराला आडव्या गवताच्या पट्ट्या हे जुने मिश्रण मला कुठल्याही पाकीटबंद जिवाणूखतापेक्षा भरवशाचे वाटते.

खरी ओढाताण आच्छादनाची. पेंढा शेतात पसरा असे सांगणे सोपे आहे, पण तो बैलाचा चारा आहे, आणि कापणीनंतर गावची गुरे मोकळी सुटतात ती वेगळीच. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत भाताच्या अवशेषांच्या फेरवापराबरोबर गिरिपुष्पाचा पाला गाडायला सांगितला, त्यातले शहाणपण इथे दिसते. बांधावर वाढणारे हे झाड गुरे सहसा तोडत नाहीत आणि त्याचा पाला लवकर कुजतो. राबासाठी जंगलातल्या डहाळ्या तोडण्याचा भारही त्यामुळे थोडा हलका होऊ शकतो.

फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जीव एकही नाही. त्याला कारण आहे. पत्रिकेचा नमुना सावलीत वाळवून, कुटून, चाळून जातो. विकर आणि सूक्ष्मजीव मोजायला तो ओलसर, थंड आणि लवकर पोचावा लागतो. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरून भर पावसात हे जमवणे कठीणच. गांडुळे मोजायला मात्र फावडे आणि गोणपाट पुरते. भाद्रपदात, माती ओली पण साचलेली नसताना, पंचवीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल खड्डा काढायचा, माती गोणपाटावर पसरायची, हाताने मोजायची. एक खड्डा वरकस उतारावर, एक गादीवाफ्यावर आणि एक गवत वाढलेल्या बांधावर, जिथे नांगर कधी फिरलेलाच नाही. चिखलणीचे खाचर सध्या सोडून द्यावे. पाणी उतरल्याशिवाय तिथला आकडा काही सांगत नाही.