शिरेतून दिलेलं जेवण

आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना धीर देतात, ‘सलाइन चालू आहे ना, मग पोटाची काळजी नाही.’ पण नेहमीच्या मिठाच्या सलाइनमध्ये अन्न नसतंच. पाच टक्के ग्लुकोजच्या लिटरभर बाटलीतही जेमतेम 170 ते 200 कॅलरी असतात, दोन पोळ्यांएवढ्या. प्रथिनं शून्य.

आणि गंभीर जखमीला नेमकी प्रथिनंच कमी पडतात. शरीरात चरबीची कोठारं आहेत, प्रथिनांचं एकही नाही. निरोगी माणूस उपाशी राहिला तर काही दिवसांत शरीर चरबीवर भागवू लागतं, स्नायू राखतं. मोठ्या जखमेनंतर ही काटकसर जमत नाही. कॉर्टिसॉल, ॲड्रेनालीन आणि दाहाची रसायनं स्नायू मोडत राहतात. सुटलेली अमिनो आम्लं जखम भरायला, प्रतिकारपेशींना, यकृतात ग्लुकोज बनवायला जातात. नायट्रोजन युरिया होऊन लघवीतून निघून जातो. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी 1930च्या सुमारास हाड मोडलेल्या रुग्णांमध्ये ही गळती मोजली. दिवसाला 20 ग्रॅम नायट्रोजन गेला, तर 125 ग्रॅम प्रथिनं गेली, म्हणजे सुमारे 600 ग्रॅम स्नायू. एका दिवसात! श्वासाचे, खोकण्याचे स्नायूही यातून सुटत नाहीत, म्हणून व्हेंटिलेटर काढणं लांबतं.

आतडं चालत असेल तर नाकातल्या नळीतून पातळ आहार देणंच उत्तम. ते फाटलं असेल किंवा ठप्प असेल, तर शिरेचा मार्ग. साठ किलोच्या रुग्णाला दर किलोमागे दीड ग्रॅम धरले, तर 90 ग्रॅम अमिनो आम्लं लागतात. दहा टक्क्यांच्या द्रावणात ती 900 मिलीलिटर होतात. सोबत ग्लुकोज आणि चरबी हवीच, नाहीतर शरीर ही महागडी आम्लं नुसती जाळून टाकतं. एवढं दाट मिश्रण हाताच्या शिरेला सोसत नाही. म्हणून मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून नळी घालून तिचं टोक हृदयाजवळच्या महाशिरेत नेतात. तिथल्या वेगवान रक्तात ते लगेच पातळ होतं. स्टॅन्ली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात फिलाडेल्फियात बीगल जातीची पिल्लं केवळ या मार्गानं वाढवून दाखवली.

पण बाटली लावली म्हणून स्नायूंची झीज थांबत नाही. ती कमी होते, इतकंच. जखमेचा दाह ओसरेपर्यंत आपण फक्त तूट भरत असतो. घाई तर अंगाशीच येते: 2011मध्ये बेल्जियममधल्या मोठ्या अभ्यासात, नळीतून पुरेसं अन्न जात नसतानाही शिरेतलं पोषण आठव्या दिवशी सुरू केलेले रुग्ण 48 तासांत सुरू केलेल्यांपेक्षा लवकर आयसीयूतून बाहेर पडले, जंतुसंसर्गही त्यांना कमी झाला. आधीपासूनच कुपोषित असलेल्यांचा हिशेब मात्र वेगळा. त्यांना फार थांबवता येत नाही, आणि एकदम भरपूरही देता येत नाही, कारण रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं.

म्हणून पंप चोवीस तास संथ चालतो. साखर, युरिया, फॉस्फेट पुन्हा पुन्हा तपासतात. नळीच्या तोंडाशी ताप आणणारे जंतू शिरू नयेत म्हणून परिचारिका प्रत्येक वेळी हात धुऊन ती जागा पुसते. आतडं जागं झालं की नाकातल्या नळीतून तासाला दहा-वीस मिलीलिटर आहार सुरू होतो. तो जसा वाढतो, तशी बाटली कमी करत नेतात.