युरोपवारी : आधी मुक्काम मोजा, मग अर्ज भरा

मेअखेरीस मोरजी किनाऱ्यावरील शॅक उतरवले जातात आणि पर्यटन व्यवसायातील कुटुंबांना स्वतः पर्यटक होण्याची उसंत मिळते. नेमका तोच युरोपातील उन्हाळ्याचा, पर्यायाने गर्दीचा नि महागाईचा हंगाम.

पॅरिस, ॲमस्टरडॅम, लिस्बन अशी शहरे जोडताना पहिला प्रश्न तिकिटाचा नसून व्हिसाचा असतो. शेंगेन व्यवस्थेतील २९ देशांना एकच व्हिसा चालतो. मात्र अर्ज कोणत्याही देशाकडे करता येत नाही. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे तो करावा लागतो. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. लंडन मध्येच घुसडले की गणित बिघडते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शिवाय तेथून पुन्हा पॅरिसला यायचे तर शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. लंडन आरंभी किंवा अखेरीस ठेवलेलेच बरे.

प्रौढांसाठी शुल्क ९० युरो. नकार आला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही सक्तीचा. निर्णयाला साधारण १५ दिवस, प्रसंगी ४५ दिवस लागतात. अर्ज सहा महिने आधीपासून स्वीकारले जातात. म्हणजे जूनच्या प्रवासाचे कागद जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन हंगामाच्या धामधुमीतच जमवायला हवेत.