गाय उलटते तेव्हा

कृत्रिम रेतन झालेली गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली की जळगाव-धुळ्याकडील पशुपालक ती ‘उलटली’ असे म्हणतात आणि दोष बहुधा रेतमात्रेला, नाहीतर रेतन करणाऱ्याला देतात. प्रत्यक्षात अशा कित्येक गायींमध्ये फलन झालेले असते, भ्रूणही काही दिवस वाढलेला असतो. पण गर्भाशयाला त्याचे अस्तित्व वेळेत कळलेले नसते.

गायीच्या भ्रूणाची स्वतःची जनुके आरंभी जवळजवळ मुकीच असतात आणि अंडपेशीत आईने साठवून ठेवलेल्या सामग्रीवर त्याचे भागते. तो ८ ते १६ पेशींचा झाल्यावर मात्र त्याच्या जनुकांचा कारभार खऱ्या अर्थाने सुरू होतो. त्याआधीचे एक-दोन दिवस उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असल्यामुळे, पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या खानदेशी उन्हाळ्यात रेतनानंतर गायीला सावली आणि पाणी देणे ही केवळ भूतदया नव्हे. सातव्या-आठव्या दिवशी भ्रूणात दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखू येतात: आतला पुंजका पुढे वासराचे शरीर घडवतो, तर बाहेरचा पोषक थर वारेच्या घडणीत भाग घेतो.

पुढचे नाट्य या बाहेरच्या थराचे आहे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून भ्रूण लांबत जाऊन दोऱ्यासारखा होतो आणि हा थर ‘इंटरफेरॉन टाउ’ नावाचे प्रथिन स्रवू लागतो. ते संदेशवाहक रेणूचे काम करते, म्हणजे एका पेशीतून बाहेर पडून दुसऱ्या पेशीवरील ग्राहीला, अर्थात त्याच्यासाठीच घडलेल्या प्रथिनाला, चिकटते आणि तिच्या केंद्रकातील जनुके चालू किंवा बंद करवते. गर्भ नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिनच्या ग्राहीचे जनुक जागे होते, त्या ग्राहीमुळे अस्तर प्रोस्टाग्लँडिनचे झोत सोडते, त्यांनी अंडाशयातील पीतपिंड विरघळतो आणि गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन आटून गाय माजावर येते. इंटरफेरॉन टाउ नेमके हे जनुक जागे होऊ देत नाही. भ्रूण खुरटा राहिला, उशिरा लांबला किंवा संदेश तुटपुंजा पडला, तर सारी साखळी गर्भ नसल्यासारखीच चालते.

इंटरफेरॉन कुळातील इतर रेणू विषाणूंशी लढण्यासाठी ओळखले जातात. मेंढीच्या भ्रूणातून आधीच वेगळे केलेले हे प्रथिन त्यांच्याच नात्यातले असल्याचे १९८७ साली उघड झाले, तेव्हा ते आश्चर्याचेच होते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांनी संरक्षणाचे हत्यार गर्भाच्या ओळखपत्रासाठी वापरले; माणसात तेच काम वेगळे संप्रेरक, एचसीजी, करते.

या नात्यातून एक उपयोग सुचला आणि त्याच्यातच एक अडचणही निघाली. इंटरफेरॉन टाउमुळे गायीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींतही ‘आयएसजी१५’सारखी जनुके अठराव्या ते विसाव्या दिवसापर्यंत अधिक सक्रिय होतात, त्यामुळे पुढच्या माजाआधीच गाय गाभण नसल्याचे रक्तावरून ताडता येईल का, हे संशोधक तपासत आले आहेत. मात्र विषाणूंचा संसर्गही हीच जनुके चेतवतो; २०२२च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथून महाराष्ट्रात नोंदली जाऊ लागलेल्या लम्पी त्वचारोगासारख्या साथीच्या काळात, रिकामी गायही अशा चाचणीत गाभण ठरू शकते.