श्वानांचे विष्ठाभक्षण : कारणे आणि उपाय



भाषेच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी असा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल; काहींच्या कपाळाला आठीही पडेल. परंतु आमच्या शहापुरातील एका कुटुंबाने वर्षभराचे पाळलेले कुत्रे केवळ विष्ठा खाते म्हणून महामार्गावर नेऊन सोडून दिले, हे कळल्यापासून या विषयावर चारचौघांत बोलणे मला आवश्यक वाटू लागले. ज्या सवयीपायी एखादा मुका जीव घराला पारखा होतो, तिचे कारण समजून घेणे हे सुशिक्षितांचे कर्तव्यच आहे.

कुत्र्याविषयी आपले मन मोठे दुटप्पी आहे. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही ज्याची साथ सोडली नाही, दत्तगुरूंच्या पायाशी जो बसतो, खंडोबाचे वाघ्ये ज्याचा वेष आणि भुंकणे भक्तिभावाने अंगीकारतात, तो हाच प्राणी. आणि शिवी द्यावयाची झाली की जिभेवर नाव येते तेही याचेच. शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, अशी म्हण करून आपण त्याच्या स्वभावावर कायमचा शिक्का मारला. विष्ठाभक्षणाकडेही आपण याच दृष्टीने पाहतो. त्यात आपल्याला नीचपणा दिसतो. वास्तविक शुचितेच्या कल्पना माणसाच्या आहेत. कुत्र्याला त्यांचा गंधही नाही.

मग ते असे का करते? प्रथम मातेकडे पाहू. नवजात पिल्लांना पहिले सुमारे तीन आठवडे आपण होऊन मलमूत्र विसर्जन करता येत नाही. कुत्री त्यांचे अंग चाटते तेव्हाच ते घडते, आणि ती मळ गिळून जागा स्वच्छ ठेवते. आपण ज्याला घाण म्हणतो, ती तिच्या लेखी बाळंतिणीच्या खोलीची झाडलोट होय. पिल्लेही वास घेत, चाखत जग ओळखतात. त्या वयात ही सवय दिसते आणि पुष्कळदा वाढीबरोबर जाते.

प्रौढ कुत्र्यांविषयी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 16 टक्के कुत्री वारंवार विष्ठा खाताना आढळली, आणि त्यांतील बहुतेक दोन दिवसांच्या आतील ताजी विष्ठा खात होती. यावरून त्यांनी असा तर्क मांडला, की ही लांडग्यांकडून आलेली वारसागत प्रवृत्ती असावी. मळातील जंतांची अंडी बहुधा काही दिवसांनंतरच संसर्गक्षम होतात; तत्पूर्वीच मळ नाहीसा केला तर गुहेतील कळप सुरक्षित राहतो. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण विचार करावयास लावणारा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाशी निगडित आहे. माझ्या बालपणी घरांच्या मागील बोळांत पाटीचे संडास असत, आणि लहान मुले दाराशीच शौचास बसत. तेथे कुत्री टपून असत, याचे कोणालाही नवल वाटत नसे. माणसाने टाकलेल्या उष्ट्यावर आणि मळावर जगतच हा प्राणी माणसाच्या जवळ आला, असे अनेक अभ्यासक मानतात. आपणच वाढलेल्या पानाबद्दल आपण त्याला दोष देत आहोत.

मात्र प्रत्येक वेळी हे स्वाभाविकच असते असे नव्हे. जंत, अपुरा आहार, स्वादुपिंडाच्या विकारामुळे अन्न न पचणे, मधुमेह, स्टिरॉइडसारख्या औषधांमुळे वाढलेली भूक, ही कारणे असू शकतात. मोठ्या कुत्र्याला ही सवय अकस्मात जडली, खाऊनही ते रोडावू लागले, पातळ किंवा फिकट मळ फार होऊ लागला, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब लावू नये. दिवसभर एकाच जागी बांधून ठेवलेले, कंटाळलेले कुत्रेही याकडे वळते. कोपऱ्यात घाण केली म्हणून ज्याला चोप मिळतो, ते तर पुरावाच गिळून टाकण्यास शिकते, असेही काही जाणकार सांगतात.

उपायांविषयी बोलताना आधी काय करू नये ते सांगतो. मारू नये, नाक मळात घासू नये, आरडाओरडा करीत पाठलाग करू नये, कारण त्यामुळे ते अधिकच घाईने गिळते. अन्नात मिसळावयाच्या चूर्ण-गोळ्यांवरही भिस्त ठेवू नये. वरील अभ्यासात अशा अकरा उत्पादनांचे यश शेकडा दोनच्या वर गेले नाही.

खरा उपाय साधा आहे : मळ पडताच उचलणे. फिरावयास नेताना साखळी हाती असावी, कागद वा पिशवी जवळ असावी. शौच होताच त्याला प्रेमाने हाक मारून जवळ बोलवावे, आवडीचा तुकडा द्यावा, आणि मग मळ उचलावा. ‘सोड’ हा शब्द त्याला धीराने शिकवावा. वेळच्या वेळी पुरेसे अन्न, रोजचा व्यायाम, पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध आणि लसीकरण यांत हयगय नसावी. कारण दुसऱ्या कुत्र्याच्या मळातून जंत आणि पार्व्होसारखे रोग त्याला होऊ शकतात. अशा कुत्र्याला मुलांचे तोंड चाटू देऊ नये, आणि त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

विद्यार्थी मित्रहो, वर सांगितलेल्या उपायांत कुत्र्याने करावयाचे फार थोडे आहे. बहुतेक सारे माणसाने करावयाचे आहे. म्हण शेपटीविषयी काहीही म्हणो, येथे वळण लावावयाचे आहे ते प्रथम आपल्या हातांना. ज्याला आपण घरी आणले, त्याची घाण उचलणे हाही त्याला पाळण्याचाच भाग आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.