गवताखालचे गाव

इंग्लंडच्या मध्यभागी नॉर्थॅम्प्टनशायर, लेस्टरशायर, वॉरिकशायर असे काही परगणे आहेत. तेथल्या एखाद्या खेड्याबाहेरील जुन्या कुरणापाशी हिवाळ्यातील सकाळी उभे राहावे. सूर्य क्षितिजापासून फारसा वर आलेला नसतो. अशा वेळी त्या हिरव्या गवतावर एक मोठे नवल दिसते. सगळे कुरण लांबच लांब लाटांनी भरून गेलेले असते. एक उंचवटा, त्याला लागून एक चर, पुन्हा उंचवटा, पुन्हा चर. ऊन वर चढले की सावल्या आखडतात आणि त्या लाटाही जणू जमिनीत विरून जातात.

कोणास वाटेल, ही निसर्गाचीच लीला असावी. पण निसर्ग अशा समांतर रेघा ओढीत बसत नाही. ह्या रेघा नांगराने ओढलेल्या आहेत, आणि तो नांगर धरणारे हात मातीस मिळून कित्येक शतके लोटली आहेत.

मध्ययुगात ह्या भागातील गावांची शेते बांध घालून वेगळी केलेली नसत. गावाभोवती दोन किंवा तीन विस्तीर्ण मोकळी राने असत आणि प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला त्यांत ठिकठिकाणी विखुरलेल्या अरुंद, लांबट पट्ट्या येत. नांगर जड असे. फाळाने कापलेली माती त्याला जोडलेल्या फळीमुळे नेहमी उजव्या बाजूसच उलटून पडे. शेतकरी पट्टीच्या मध्यापासून नांगरू लागे. एका अंगाने जाई आणि दुसऱ्या अंगाने परत येई. त्यामुळे दोन्ही खेपांस माती मध्याकडेच पडे. एका वर्षात हा फरक डोळ्यांना दिसला नसता. परंतु बापाने नांगरले, मुलाने नांगरले, नातवाने नांगरले, आणि सपाट रानाची पन्हळी झाली. पावसाचे पाणी चरांतून वाहून जाई आणि उंचवट्यावरचे पीक कुजत नसे, हाही एक लाभच होता.

ह्या पट्ट्या नीट पाहिल्या तर पुष्कळदा सरळ नसतात. इंग्रजीतील एस् हे अक्षर उलटे लिहावे तशी त्यांची बाकदार आकृती असते. त्याचे कारण बैल! जड नांगराला सहा-आठ बैल जोडीजोडीने जुंपीत. एवढी लांबलचक रांग पट्टीच्या टोकाशी एकदम कशी वळणार? म्हणून टोक येण्याआधीच बैल डावीकडे काढावे लागत. आज ते बैल नाहीत, पण त्यांनी घेतलेले वळण मात्र भूमीवर तसेच उमटून राहिले आहे.

एका जोताने एका दिवसात नांगरावयाची जमीन तो एक एकर, असा त्या काळचा ढोबळ हिशेब होता. पुढे त्याचे माप २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद, म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, असे ठरले. इंग्रजी अंमलात तेच माप आपल्याकडे आले. आपले शेतकरी ४० गुंठ्यांचा एकर म्हणतात, तेव्हा त्या शब्दात त्या परदेशी बैलांच्या एका दिवसाचे श्रम साठवलेले असतात.

शेते अशी सापडली. मग ती कसणाऱ्यांची घरे कोठे गेली? आपल्या खेड्यांत पिकाऊ जमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात. राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या मिसळून वस्तीची जमीन पांढुरकी होते. गाव उठून गेले तरी ती पांढर ओळखू येते. इंग्लंडमध्येही ओसाड गावांची अशी ठिकाणे दोन हजारांहून अधिक आढळली आहेत. त्यांतील सर्वांत बारकाईने तपासलेले गाव म्हणजे उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्यातील व्हॅरम पर्सी.

हे गाव खडूच्या दगडांच्या टेकड्यांवर वसलेले होते. आज तेथे छप्पर गेलेले एक चर्च उभे आहे. बाकी सर्वत्र गवत. मात्र त्या गवतात चौकोनी उंचवट्यांच्या ओळी दिसतात. त्या घरांच्या आणि त्यांमागील परसांच्या कडा होत. मधून एक खोलगट वाट जाते. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनीच ती खोल गेली. लीड्स येथील इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड ह्यांनी १९५० साली येथे खणण्यास आरंभ केला. पुढे लवकरच जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाले. दर उन्हाळ्यात काही आठवडे, असे हे काम १९९० पर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षे चालले!

राजवाडा खणणाऱ्यास सोने सापडते. येथे सापडली ती फुटकी मडकी, हाडे, खिळे, आणि विटेएवढ्याही न उरलेल्या भिंती. अरुंद खड्डे घेऊन ह्या क्षीण खुणा हाती लागेनात. तेव्हा संपूर्ण घराची जागा एकदमच उघडी करून, थरामागून थर हलक्या हाताने उचलण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. तेव्हा कोठे घर दिसू लागले. अनेक घरे लांबट होती. एका टोकास माणसे राहत आणि दुसऱ्या टोकास गुरे. भिंती वारंवार बदललेल्या पाहून आधी असे वाटले, की ही घरे तकलादू असून दर पिढीला नवी बांधावी लागत. पुढे पुराव्याचा फेरविचार झाला आणि लाकडी सांगाडा मजबूत असे, केवळ भिंतींची डागडुजी होई, हे ध्यानी आले. काही घरांच्या भुया झाडून झाडून मधोमध खोल गेल्या होत्या. ज्या गृहिणींचे नावही कोणत्या कागदावर नाही, त्यांच्या केरसुणीची ही खूण!

चर्चजवळच्या स्मशानभूमीतून जवळजवळ ७०० सांगाडे मिळाले. दातांवरून मुलाचे वय कळते आणि हाडांवरून उंची. ती ताडून पाहता असे आढळले, की तुमच्या वयाची तेथील मुले आजच्या इंग्रज मुलांहून पुष्कळच ठेंगणी होती. अन्न अपुरे आणि आजार फार. मात्र त्यांची वाढ अधिक वर्षे चालू राही.

मग असे नांदते गाव ओस का पडले? १३४८-४९ साली इंग्लंडमध्ये प्लेगची भयंकर साथ आली. तिनेच अशी गावे बुडविली, अशी समजूत होती. साथीने व्हॅरममध्येही माणसे मेली, हे खरे. परंतु गाव संपले नाही. पुढील शंभराहून अधिक वर्षे तेथे चुली पेटत होत्या. चर्चच्या भिंतीही तेच सांगतात. लोकसंख्या वाढली तेव्हा दोन्ही बाजूंस दालने जोडलेली आहेत, आणि पुढे ती पाडून कमानी बुजविलेल्या आहेत. वस्ती हळूहळू ओसरली.

शेवटचा घाव मेंढ्यांनी घातला. नांगर हाकण्यास माणसे मिळेनात आणि लोकरीला भाव चांगला होता. अनेक नांगऱ्यांच्या जागी एक धनगर पुरे, हे जमीनदारांच्या ध्यानात आले. १५१७ साली सरकारी चौकशी झाली तेव्हा नोंद झाली, की हिल्टन नावाच्या सरदाराने येथील चार नांगर बंद केले आणि चार घरे पडू दिली. त्या चार घरांतील माणसे कोठे गेली, ह्याविषयी कागद गप्प आहे. मला तो कागद फार निष्ठुर वाटतो.

आणि तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. मेंढ्यांसाठी राखलेल्या गवतानेच त्या गावाच्या खुणा झाकून जपल्या. जेथे नांगर चालूच राहिला, तेथे जुने उंचवटे पुसले गेले. दुसऱ्या महायुद्धात अन्नासाठी इंग्लंडमध्ये कुरणे नांगरावी लागली. त्यानंतरच्या काळात ट्रॅक्टरने पट्ट्यांच्या लाटांचे मोठमोठे टापू सपाट केले. अशा ठिकाणी विमानाचा उपयोग होतो. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेले क्रॉफर्ड ह्यांनी नंतर ही विद्या नावारूपास आणली. बुजलेल्या चरात ओल टिकते, म्हणून वरचे पीक उंच आणि हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवरचे पीक लवकर पिवळे पडते. २०१८ च्या उन्हाळ्यात पाऊस फारच थोडा झाला तेव्हा, एरवी कधी न दिसलेली कित्येक जुनी शेते आणि घरांची कुंपणे पिकांतून अशी वर आली. पुढे पाऊस पडला, पीक कापले गेले आणि ती पुन्हा दिसेनाशी झाली.

व्हॅरम पर्सी येथे आजही गुरे चरतात. संध्याकाळी सावल्या लांबल्या, की घरांचे चौकोन एकामागून एक गवतात उमटू लागतात.