पट्टा तुटला, इंजिन वाचलं का?

चालत्या मोटारीचा पट्टा तुटला, की गाडीवाल्याला दोन माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, 'काही नाही, नवा पट्टा टाकू, गाडी पळेल.' दुसरा म्हणतो, 'इंजिन गेलं, मोठा खर्च धरून चला.' दोघांनीही अजून बॉनेट उघडलेलं नसतं. मी मिस्त्री नव्हे, कविता लिहिणारा माणूस. पण आमच्या मोहल्ल्यात गॅरेजं पुष्कळ. तिथल्या एका जुन्या उस्तादांजवळ बसून जे समजलं, ते साध्या शब्दांत सांगतो.

आधी तुटलाय कोणता पट्टा, ते पाहावं. बाहेर दिसणारा पट्टा अल्टरनेटर फिरवतो; अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच्यावरच चालतो. तो तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, पण इंजिन चालूच राहतं. फसगत होते ती इथेच. पाणी फिरायचं थांबलेलं, आणि आपण म्हणतो, गॅरेज जवळच आहे. तेवढ्यात इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅस्केट जातं. म्हणून गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी आणि टोचन करून न्यावी.

आतला, झाकणामागचा, तो टायमिंग बेल्ट. खालचा क्रँक दोन फेरे घेतो, तेवढ्यात वरच्या कॅमचा एक फेरा होतो. हा ताल पट्टा सांभाळतो. कॅम व्हॉल्व्ह उघडतो. पुष्कळ इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा वापरतात. फक्त वेळा वेगळ्या. पट्टा तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वेगात वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवलेलं असतं; तिथे नवा पट्टा पुरतो. डिझेल इंजिनात मात्र ही जागा फार थोडी असते, त्यामुळे धडक बहुधा होतेच.

हा पट्टा तुटला की गाडी एकाएकी बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरतं. मग पुन्हा सेल्फ मारू नये, धक्काही देऊ नये. जे व्हॉल्व्ह वाचले असतील, तेही वाकायचे.

आता परीक्षा. खुणा जुळवून पट्टा चढवायचा आणि पान्याने, हाताने, क्रँकचे दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवायचे. कुठे कडक अडलं, तर जोर करायचा नाही. फेरे सुरळीत झाले, तरी निश्चिंत होऊ नये. किंचित वाकलेला व्हॉल्व्ह अडत नाही, पण नीट मिटतही नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. आकडे एकमेकांजवळ हवेत. एखादा फारच खाली असेल, तर त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून हवा भरायची आणि कान लावायचा. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून जोरात आली तर रिंग किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर संशय गॅस्केटवर.

आमच्या शेजारचे एक चाचा टुरिस्ट गाडी चालवतात. घर त्या गाडीवरच. बेल्ट तुटला तेव्हा एका ठिकाणी त्यांना 'सगळं इंजिन बदला' असं सांगितलं. हातात मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे होते. उस्तादांनी आधी आकडे घेतले. चारपैकी दोनच सिलिंडर कमी होते, आणि हवा दोन्हीत एअर फिल्टरकडून येत होती. हेड उतरवलं, वाकलेले व्हॉल्व्ह बदलले, बाकीचे तपासले. पिस्टनवर नुसते ओरखडे होते. गाडी रस्त्यावर आली, फीही वेळेत भरली गेली.

तेव्हा मिस्त्रीला अदबीने एवढंच विचारा, 'भाऊ, कॉम्प्रेशन किती आलं?' आकडा सांगणाऱ्याकडेच हेड उतरवायला द्या. आणि पट्टा शाबूत असेल, तर गाडीच्या पुस्तकात बघा. तो किती किलोमीटरवर किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे तिथे लिहिलेलं असतं. गाडी कमी चालली, तरी वर्षं मोजली जातातच. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.