ओसाड नव्हे, हिवाळ्याचा मुक्काम

रायगड जिल्ह्यातल्या लोधिवलीच्या पश्चिमेला कर्नाळा, उत्तरेला इरशाळ आणि प्रबळगड. 1968 साली कर्नाळा पक्षी अभयारण्य झालं, 2003 मध्ये माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. गेल्या काही दशकांत या भागात पक्ष्यांसाठी जे झालं ते मुख्यतः झाडीपुरतं, आणि ते व्हायलाच हवं होतं. मधले गवताळ उतार मात्र कागदावर वरकस आणि बोलण्यात ओसाड राहिले. त्यांवर आधी नजर पडली ती फार्महाऊसच्या प्लॉटवाल्यांची. हिवाळी पक्ष्यांच्या बाबतीत ही मोठी चूक झाली, असं मला ठामपणे वाटतं.

भातकापणी उरकून खाचरांत वाल पेरला जातो त्या सुमारास उतारावरच्या वाळक्या गवतात गप्पीदास हमखास दिसतो. चिमणीहूनही लहान पक्षी. काडीच्या शेंड्यावर बसतो, जमिनीवर उतरून किडा टिपतो आणि पुन्हा शेंडा गाठतो. ऑक्टोबरात नराचं डोकं मळकट तपकिरी असतं, कारण नव्या पिसांच्या कडा फिक्या असतात. हिवाळाभर त्या कडा झिजतात आणि मार्चपर्यंत आतला काळा रंग उघडा पडतो. मानेचा पांढरा डाग, छातीचा नारिंगी रंग उठून दिसतो. विणीसाठी उत्तरेकडे निघताना त्याच्या अंगावर असलेला साज या गवतात राहून खुललेला असतो. वर्षातले पाच-सहा महिने जिथे काढायचे, ती जागा वाटेवरचा थांबा कशी म्हणावी?

हे उतार मूळचे जंगलच होते, मग झाडं लावलेली काय वाईट, असं विचारलं जातं. पुष्कळसे उतार लाकूडतोडीने उघडे पडले, हे खरं. पण कातळावरच्या पातळ मातीत एकाच जातीच्या रोपांच्या रांगा लावून जंगल परत येत नाही, गवत तेवढं जातं. घळींत झाडी वाढू द्यावी, उतार मोकळे ठेवावेत. दुसरी शंका हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरच्या भरवशाची. सुट्या नोंदीला फारसं वजन नाही, हे मान्य. पण देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल 30 हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकालीन कल ठरवता आलेल्या 338 जातींपैकी 60 टक्के जाती त्यात घटलेल्या दिसल्या, आणि मोकळ्या माळांवरच्या पक्ष्यांची घट विशेष ठळक आहे. दिसलेला प्रत्येक पक्षी टिपला, तर न दिसलेलाही आपोआप नोंदला जातो. ‘आज गप्पीदास नाही’ हे मात्र त्याच उतारावर पुन्हापुन्हा चालणाऱ्यालाच खात्रीने लिहिता येतं. फेब्रुवारीत वणवा लागून उतार काळा पडतो, तेव्हा ही ओळ लिहायची वेळ येते: पक्ष्याला निघायला अजून महिनाभर असतो आणि बसायला काडी उरलेली नसते.